हावगेप्पाला वर बघवेना

आमच्या गावात कुणाला काही झालं की माणूस डॉक्टरच्या आधी माझ्याकडे येतो. मी डॉक्टर नाही. बसचा कंडक्टर होतो, आता रिटायर होऊन घरी आहे. पण बसवकल्याणहून बीदर, बीदरहून कलबुर्गी, अशा गाड्यांवर जन्म काढला. त्या गाड्यांतून इतके आजारी लोक नेले-आणले, की कुठल्या दुखण्याला कुठला दवाखाना हे मला थांब्यांसारखं पाठ झालं. असं मी म्हणतो. माझी बायको धनलक्ष्मी म्हणते, की मला दवाखान्यांचे पत्ते तेवढे पाठ आहेत, दुखणी नाहीत. हावगेप्पाच्या बाबतीत तिचं खरं निघालं, म्हणून ही गोष्ट मी तिच्यासमोर सांगायचं टाळतो.

हावगेप्पा माझा शाळेपासूनचा दोस्त. मंठाळच्या रस्त्याला आमचं छोटं गाव आहे. तिथल्या चौकात त्याचं किराणा दुकान आणि गावाबाहेर थोडं तुरीचं रान. ते लिंगायत, आम्ही धनगर. माझ्या आजोबांची मेंढरं उन्हाळ्यात त्याच्या आजोबांच्या रानात खतासाठी बसायची, तेव्हापासून दोन घरांचं येणं-जाणं आहे. हावगेप्पा अंगानं भरलेला आणि बोलायला कंजूष. गिऱ्हाइकानं साखर आहे का विचारलं, तर तोंडानं उत्तर द्यायच्या ऐवजी तो सरळ साखर तोलायला लागतो. त्याची बायको महादेवी उदगीरकडची. तिला आम्ही महादेवक्का म्हणतो. नवऱ्याच्या वाटणीचंही तीच बोलते, पण वायफळ बोलत नाही. रिटायर झाल्यापासून मी रोज सकाळी चहाला त्यांच्या ओसरीवर असतो. धनलक्ष्मीलाही ते सोयीचं पडतं.

पंचक्रोशीत मात्र हावगेप्पाला दुकानामुळे कुणी ओळखत नाही. ओळखतात ते नंदीकोलामुळे.

शिवरात्रीनंतर आमच्या वीरभद्राची जत्रा भरते. पालखीच्या पुढे नंदीकोल निघतो. नंदीकोल म्हणजे घराच्या माळवदापेक्षाही उंच असा सागवानी खांब. त्याला पितळी पत्रे, घुंगरं, रंगीत कापडं, आणि शेंड्याला पितळेचा नंदी. तो एकट्या माणसानं पेलायचा. कमरेला चामड्याचा पट्टा, पट्ट्याला पोटापाशी खोबण आणि त्या खोबणीत खांबाचा बुडखा. दोन्ही बाजूंना दोर धरून माणसं चालतात, पण ती अडीअडचणीला. तोल सांभाळायचा तो पेलणाऱ्यानंच. त्यासाठी नियम एकच, नजर शेंड्यावरून हलवायची नाही. पायाखाली बघितलं की खांब गेलाच. वाटेत दगड आहे की गटार, हे पुढे चालणारा ओरडून सांगतो. हावगेप्पाचा बाप असा मान वर करून आमच्या गल्ल्यांतून चालला, त्याच्यामागून हावगेप्पा चालू लागला. दुकानात पोत्याला टेकून बसणारा हा सुस्त माणूस त्या दिवशी असा काही चालतो, की बघताना मीसुद्धा बोलायचं विसरतो.

तर अशा या माणसाला मागच्या वर्षी वर बघवेना झालं.

सुरुवात झाली दिवाळीच्या सुमाराला. त्याच महिन्यात शाळेत डोळ्यांचं शिबिर झालं होतं आणि हावगेप्पाला जवळ-दूर दोन्हींचा चष्मा मिळाला होता. एकदा मी दुकानात बसलो असताना एका बाईनं शेवया मागितल्या. शेवया वरच्या फळीवर होत्या. त्यानं मान वर केली, हात लांबवला, आणि एकदम मागे सरून गल्ला घट्ट धरून उभा राहिला. डोळे मिटलेले, तोंड पांढरं पडलेलं. जरा वेळानं डोळे उघडून तो बाईला म्हणाला, "शेवया संपल्या."

शेवया वर सगळ्यांना दिसत होत्या. बाई बिचारी गेली. मग मी विचारलं, "काय व्हायलंय रं तुला?"

"काय न्हाई. जरा फिरल्यावानी झालं."

"कवापासून?"

"झाले की दिस."

बाकीचं मी त्याच्याकडून ओढून काढलं. सकाळी अंथरुणात कूस बदलली की घर गरगर फिरतं. वाकून पोतं उचललं तरी फिरतं, आणि वर बघितलं तर विचारूच नका. मिनिटभरात थांबतं, पण मग दिवसभर अंगात डुलणी राहते, नुकतंच लांबच्या बसमधून उतरल्यासारखी.

मी लगेच निकाल दिला. नव्या चष्म्यानं बसची पायरी चुकणारी माणसं मी थोडी का बघितली होती? "दोन काचांचा चष्मा हाय तुजा," मी म्हटलं. "नजर खालच्या काचंतून वरच्या काचंत गेली की डोकं फिरतंय. डोळ्याचं दुखणं हाय हे. चल कल्याणला."

बसवकल्याणच्या चष्मेवाल्यानं नंबर बघून दुसरा चष्मा दिला. फरक पडला नाही. मी म्हटलं, फ्रेम नाकावरून घसरते म्हणून होत असेल. मग तिसरा झाला. मी रोज विचारायचो, आता कसं वाटतं, आणि तो म्हणायचा, बरंय की. तो माझं मन राखत होता. शेवटी मी त्याला चष्मा काढूनच ठेवायला लावला. त्या आठवड्यात रवा मागणाऱ्या दोन घरांत साखर गेली आणि चक्कर होती तिथंच राहिली. मी म्हटलं, डोळ्यांना लागलेली सवय जायला वेळ लागतो. महादेवक्कानं चहाचा कप माझ्यापुढे जरा जोरात ठेवला.

गावातल्या डॉक्टरनं अशक्तपणा म्हणून सलाईन लावायचं ठरवलं. त्यासाठी उताणं निजवलं, तर हावगेप्पा पलंगाची दांडी धरून ओरडला. डॉक्टरला वाटलं, एवढा मोठा माणूस सुईला भितो.

मग हावगेप्पानं जगण्याची तऱ्हाच बदलून टाकली. वरच्या फळ्यांवरचं सगळं सामान खाली आणलं. पोत्यांच्या आड साबण, साबणाच्या आड मेणबत्त्या. गिऱ्हाइकाला हवी ती वस्तू सापडली तर त्याचं नशीब. रात्री भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा. मागून कुणी हाक मारली तर मान न वळवता बैलगाडीसारखा अख्खा वळायचा. गाव हसायचं, आणि गावाबरोबर मीही.

हसू थांबलं ते जत्रेच्या सरावाला. जत्रेच्या आधी महिनाभर देवळापुढे साधा लांब बांबू घेऊन नंदीकोलाचा सराव चालतो. हावगेप्पा तिकडे फिरकलाच नाही. गुडघा धरलाय म्हणाला. त्याच्या चुलत भावाचा मुलगा ईरण्णा बांबू पेलू लागला. चांगला गडी आहे, कमरेत जोर आहे, पण त्याची नजर अजून खाली जाते. बांबू दोनदा दोरावर आला तेव्हा बघायला आलेल्या बायका पोरांना घेऊन मागे सरकल्या.

मग मठाचे गुरुपादय्या स्वामी स्वतः दुकानात आले. जत्रेआधीच्या सोमवारी देवळात नंदीकोलापुढे विडा ठेवतात. जो विडा उचलेल तो त्या वर्षी खांब पेलणार. एकदा दुसऱ्यानं उचलला की तो मान दुसऱ्या घरात गेला, परत मागायची रीत नाही.

"हावगेप्पा, इडा तूच उचलायलास न्हवं?" स्वामींनी विचारलं.

"बघू की, स्वामी."

त्या घरातून आजवर 'बघू' असं उत्तर आलेलं नव्हतं. स्वामी उठून गेले. हावगेप्पा तराजू पुसत बसला. पुसायची काही गरज नव्हती.

मला राहवेना. मी म्हटलं, उद्याच्या उद्या बीदरला मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं. महादेवक्का आतून म्हणाली, "मी बी येते."

"तुमी कामून, अक्का? मी हाय की."

"तुमी हाव म्हणूनच."

बसमध्ये ती पुढे बायकांच्या सीटवर बसली आणि आम्ही दोघं मागे. हुमनाबाद सोडल्यावर हावगेप्पा आपणहून बोलायला लागला. असं तो सहसा करत नाही, म्हणून मी खिडकीकडे तोंड करून गप्प बसलो.

"सिद्राम, डोळ्याचं न्हाई हे."

"मग कशाचं?"

"देवाला माजा हात नको झालाय."

रोज सकाळी आंघोळ करून हावगेप्पा लिंगपूजा करतो. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतो, भस्म लावतो, फूल वाहतो, आणि तो तळहात डोळ्यांसमोर धरून लिंगाकडे एकटक बघत बसतो. ओसरीवर माझा चहा गार झाला तरी मी हाक मारत नाही. शेवटी लिंगावर पाणी घालून ते तीर्थ त्याच तळहातातून प्यायचं, मान मागे टाकून, थेंब न थेंब. तीर्थ भुईवर सांडू द्यायचं नाही, हे त्यांच्यात लहान लेकरालाही सांगावं लागत नाही.

"पूजा हुईस्तोवर काय न्हाई," तो म्हणाला. "लिंगाकडं बघत बसलो की मन बी थिर, डोकं बी थिर. आन् तीर्थ घ्यायला हात वर केला की घर फिरतंय. डोळे मिटून भिंत धरतो. लिंग तेवढं छातीशी धरतो, पर तीर्थ सांडतंय. रोज सांडतंय, सिद्राम. दुकानात चक्कर येती ती वयाची म्हणीन. नेमकं तीर्थालाच येती ती कशाची? माज्या हातचं तीर्थ ज्येला कबूल न्हाई, त्येचा नंदीकोल मी कमरंला लावू?"

"महादेवक्काला म्हायती हाय?"

"न्हाई. ती चुलीकडं असती. तिला सांगू नगंस."

तीन चष्मे पिशवीत घेऊन मी बसलो होतो, आणि हा माणूस दिवाळीपासून एवढं ओझं एकटा उचलत होता. "आधी डॉक्टर तर बघू," एवढंच म्हटलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. अक्षरं वाचायला लावली, थेंब टाकून बसवून ठेवलं, पुन्हा आत बोलावलं. मग म्हणाले, "मोतीबिंदूची किंचित सुरुवात आहे, त्यानं चक्कर येत नाही. पहिलाच चष्मा बरोबर होता. डोळे मिटले की चक्कर थांबते का?"

"न्हाई, सायेब. मिटल्यावर बी घर फिरतंय."

"मग डोळ्यांना कशाला दोष देता?" मी टेबलावर मांडून ठेवलेल्या चष्म्यांकडे त्यांनी बघितलं. "डोळ्यांचं दुखणं आहे म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

महादेवक्कानं माझ्याकडे बघितलं. मी चष्मे गोळा करून पिशवीत टाकले. डॉक्टर म्हणाले, कान दाखवून घ्या. मी म्हटलं, कान ठणठणीत आहेत, दुकानात उंदीर हलला तरी याला ऐकू येतं. पण ते पुढच्या पेशंटला बोलावून मोकळे झाले होते.

कानाचा दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. डॉक्टर दानेश्वरी म्हणून एक तरुण बाई. कलबुर्गीकडच्या, आमच्यासारख्याच एका वाक्यात कन्नड आणि मराठी मिसळून बोलणाऱ्या. त्यांनी हावगेप्पाचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अप्पा, चक्कर कधी येते ते सगळेच सांगतात. कधी येत नाही ते सांगा."

"येतच असती," हावगेप्पा म्हणाला.

"लिंगपूजेत येत न्हाई, मॅडम," महादेवक्का म्हणाली. "एकटक बघत बसत्यात, पापणी हलत न्हाई, तवा काय हुईना. तीर्थ घ्यायला मान मागं केली की येती."

हावगेप्पानं चमकून बायकोकडे बघितलं. मीही बघितलं. ती डॉक्टरबाईंकडे बघत होती.

"म्हणजे डोळ्यांना काम आहे आणि डोकं स्थिर आहे, तेव्हा ठीक," मॅडम म्हणाल्या. "डोकं हललं की फिरतं. झोपेत कुठल्या कुशीवर वळल्यावर जास्त?"

"उजव्या."

त्यांनी त्याला पलंगावर पाय लांब करून बसवलं. डोकं उजवीकडे वळवून धरलं, म्हणाल्या डोळे अजिबात मिटायचे नाहीत, आणि झटकन मागे निजवलं, डोकं पलंगाच्या कडेच्या जरा खाली जाईल असं. क्षणभर काही झालं नाही. मग हावगेप्पाचे डोळे नाचायला लागले. बुबुळं झटके देत गोल फिरू बघत होती, आणि त्याला ती आवरता येत नव्हती. त्यानं माझं मनगट असं धरलं, की त्याची बोटं संध्याकाळपर्यंत त्यावर उमटलेली होती. मॅडम मात्र तव्यावरच्या भाकरीकडे बघावं तशा शांतपणे त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिल्या. "थांबेल आता," त्या म्हणाल्या, आणि थांबलं.

"बघा, डोळेच हलायलेत," मी म्हटलं. "म्हणजे डोळ्याचंच झालं की."

"हे कोण?" मॅडमनी विचारलं.

"कंडक्टर हायत," महादेवक्का म्हणाली.

मॅडम हसल्या. "डोळे हलतात खरे, पण त्यांना हलवतो तो कान." मग त्यांनी समजावलं. ऐकायच्या जागेच्या आत आणखी एक जागा असते, तोल सांभाळायची. तिथे चुन्याचे अगदी बारीक कण असतात. वयानं म्हणा, कधी डोक्याला मार लागून म्हणा, ते आपली जागा सोडून शेजारच्या वाकड्या नळीत शिरतात. मान एका बाजूला गेली की कण नळीत घरंगळतात, आणि मेंदूला वाटतं की माणूसच गरगर फिरतोय.

"चुना?" हावगेप्पा म्हणाला. "मी पान सोडून लई वर्सं झाली."

"खाण्याचा चुना नाही, अप्पा. हा जन्मापासून असतो."

मग ज्यासाठी तो खरा आला होता ते हावगेप्पानं विचारलं. "तर मग तीर्थाच्याच येळंला कामून, मॅडम? चहा पितो तवा तर येत न्हाई."

"चहा कशानं पिता?"

"बशीनं."

"बशीला मान खाली जाते. तीर्थाला मागे जाते. एवढाच फरक."

हावगेप्पाचे खांदे खाली आले. दिवाळीपासून ते कानाला लागलेले होते, हे मला तेव्हा कळलं.

मॅडमनी उपचार तिथंच केला. औषध नाही, सुई नाही. पुन्हा तसंच निजवलं, डोकं थोडा वेळ उजवीकडे धरून ठेवलं, मग हळूच डावीकडे फिरवलं, मग अख्ख्या अंगाला कुशीवर वळवून नाक जमिनीकडे केलं, आणि मग बसतं केलं. प्रत्येक ठिकाणी जरा थांबायचं. बशीत सांडलेला चहा कडेकडेनं फिरवून कपात परत आणावा, तसं ते काम दिसत होतं. नंतर थोडं बसवून पहिल्यासारखं झटकन निजवून बघितलं. हावगेप्पानं आधीच माझं मनगट पकडलं होतं. डोळे जागचे हलले नाहीत.

"झालं?" त्यानं विचारलं. एवढी ये-जा करून नुसतं डोकं फिरवून पाठवतात, हे त्याला पटेना.

"झालं. काही दिवस उशी उंच घ्या, एकदम वाकू नका. परत कधी आली तर घाबरायचं नाही, यायचं. आणि जत्रेआधी मला दाखवून जायचं, त्याशिवाय खांबाला हात लावायचा नाही." खांबाचं महादेवक्कानं मध्येच केव्हातरी सांगून टाकलं होतं.

बाहेर रस्त्यावर आलो. बीदरवर दिवसभर हवाई दलाची विमानं घिरट्या घालत असतात. तिथली माणसं मान वर करत नाहीत, पण आम्ही खेड्यातले. डोक्यावरून एक विमान कडाडत गेलं आणि हावगेप्पानं सवयीनं वर बघितलं. विमान किल्ल्याच्या बाजूला वळून दिसेनासं होईपर्यंत बघतच राहिला. मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं मान खाली केली, पुन्हा वर केली.

"दिसलं का?" महादेवक्कानं विचारलं.

"दिसलं," तो म्हणाला. आम्ही समोरच्या हॉटेलात गेलो आणि त्यानं चहा कपानं प्यायला.

जत्रेच्या आधी आम्ही पुन्हा जाऊन आलो. मॅडमनी पुन्हा निजवून बघितलं, काही नाही. म्हणाल्या, पेला तुमचा नंदीकोल, पण दोराला माणसं जास्त ठेवा. दुकानाच्या वरच्या फळ्या परत भरल्या. रानात, कुणी नसताना, हावगेप्पा बांबू घेऊन चालतो असं मला एकदा ईरण्णानं सांगितलं. त्या पोराच्या आवाजात सुटका होती. माझ्या लेखी प्रकरण मिटलं होतं.

विड्याच्या सोमवारी मी चहाला गेलो, तर हावगेप्पा नुसत्या बनियनवर ओसरीत बसलेला. पांढरे कपडे नाहीत, रुमाल नाही.

"चल की, स्वामी वाट बघत असतील."

"ईरण्णाला उचलू दे."

"चक्कर गेली न्हवं का तुजी?"

"चक्कर गेली. सांडलेलं सांडलंच की." तो माझ्याकडे बघत नव्हता. "दिवाळीपासून रोज माज्या हातनं तीर्थ भुईवर पडलंय. कानानं पडलं म्हण, कशानं बी पडलं म्हण. पडलं ते खरं हाय."

माझा पारा चढला. ज्याच्यासाठी मी तीन चष्म्यांचा अपमान गिळला, तो मनुष्य आता ऐन थांब्यावर येऊन बसकण मारतो म्हणजे काय. "पडलं तर पडलं," मी म्हटलं, आणि ते जरा मोठ्यानं झालं.

महादेवक्का पदराला हात पुसत बाहेर आली. "काय पडलं?"

हावगेप्पानं माझ्याकडे डोळे वटारले. पण कंडक्टरच्या पोटात किती दिवस राहणार? बसमध्ये त्यानं जे जे सांगितलं, ते सगळं मी तिला सांगून टाकलं. ती उभी राहून ऐकत होती. शेवटी आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात एक लहान काशाचं ताट होतं. तिनं ते नवऱ्याच्या पुढ्यात ठेवलं.

"कुटं पडलं?" ती म्हणाली. "पैल्या दिवशी दोन थेंब पडले, ते मी पदरानं टिपले. दुसऱ्या दिवसापासनं तुमी हात वर केला की मी येऊन खाली ह्ये ताट धरायले. तुमी डोळे गच मिटून भिंत धरताव. तुमाला कसं दिसंल?"

हावगेप्पा ताटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आन् ह्यातलं तीर्थ?"

"पिले की. तीर्थ हाय ते, वतून देऊ का?"

"रोज?"

"रोज. त्या दोन थेंबांनंतर एक थेंब भुईला लागला न्हाई."

"मला सांगितलीस कामून न्हाई?"

"तुमी मला सांगितलाव का?"

त्यानं ताट हातात घेतलं आणि उलटसुलट करून बघितलं, जसं काही पहिल्यांदाच बघतोय. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्यानं ते लपवले नाहीत. मी तिथून उठून जायला हवं होतं, पण उठलो नाही. मला फार बरं वाटत होतं. देवानं हात नाकारला म्हणून दिवाळीपासून कुढणारा हा माणूस, आणि त्याच हाताखाली रोज सकाळी दुसरा हात धरलेला.

"माजा रुमाल कुटाय?" हावगेप्पानं विचारलं.

"खुंटीला," ती म्हणाली. "वरच्या."

त्यानं मान वर करून रुमाल काढला.

जत्रेत नंदीकोल नेहमीसारखा निघाला. दोराला जास्तीची माणसं होती, त्यांत मी एक. ईरण्णा पुढे चालत दगड-खड्डे ओरडून सांगत होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी वाऱ्यानं शेंडा हेलकावला तेव्हा माझा हात दोरावर आवळला, पण ओढायची वेळ आली नाही. हावगेप्पा थांबला, कंबर थोडी मागे घेतली, घुंगरं वाजली आणि खांब सरळ झाला. त्याची नजर नंदीवर होती. गाव सगळं वर बघत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला गेलो. आत पूजा संपत आली होती. दार उघडं होतं म्हणून दिसलं. हावगेप्पानं लिंगावर पाणी घातलं, तळहात उचलला, मान मागे टाकली आणि शेवटच्या थेंबापर्यंत सावकाश तीर्थ घेतलं. घर जागच्या जागी होतं. महादेवक्का त्याच्या शेजारी ताट धरून बसली होती, सवयीनं. ताटात काही पडलं नाही. तिनं थोडा वेळ वाट बघितली, मग उठली, आणि त्याच ताटात मला फोडणी दिलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला वाढून आणला.